वाचक विचारतात : उंदरातली गाठ औषधाने खरंच आटली का?

प्रयोगशाळेतल्या उंदरांवर कर्करोगाची औषधं तपासताना स्कॅन कसे करावेत आणि कसे वाचावेत, यावर आलेल्या पत्रांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. बहुतेक पत्रं संशोधक विद्यार्थ्यांची आहेत, एक सर्वसामान्य वाचकाचं. पत्रांत यंत्रांबद्दल बरंच विचारलं आहे, पण उत्तरांत आम्हाला उंदीर हाताळण्याबद्दल जास्त लिहावं लागलं. चुकीचे आकडे बहुधा तिथूनच येतात.

प्रश्न : कातडीखालची गाठ व्हर्नियर कॅलिपरने दोन मिनिटांत मोजता येते. मग इमेजिंगवर एवढा खर्च कशासाठी? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

गाठ कुशीत, कातडीखाली असेल आणि वाढली की आटली एवढंच पाहायचं असेल, तर खर्च करू नका. कॅलिपर पुरतो. फक्त त्याची खोट ओळखून वापरा. नेहमीचं सूत्र असं : लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले 2. लांबी 12 मिलिमीटर आणि रुंदी 9 मिलिमीटर असेल तर आकारमान 486 घनमिलिमीटर. रुंदी 9 ऐवजी 10 वाचली गेली की तेच 600 होतं. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने 23 टक्के वाढ, आणि तीही औषधाचा काही संबंध नसताना. त्यामुळे सगळ्या उंदरांचं मोजमाप एकाच व्यक्तीने करावं आणि कोणता उंदीर कोणत्या गटातला हे तिला ठाऊक नसावं. कॅलिपर गाठीवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. मऊ गाठ दाबली की रुंदी हवी तशी येते.

इमेजिंग लागतं ते तीन ठिकाणी. गाठ आत असेल तेव्हा, म्हणजे स्वादुपिंड, यकृत, फुप्फुस किंवा मेंदूत. गाठ आतून मेली आहे पण बाहेरून तेवढीच दिसते तेव्हा. आणि आकार बदलण्याआधी, दोन-तीन दिवसांतच परिणाम हवा असेल तेव्हा.

जाता जाता एक : रुग्णांसाठीचे 2009 चे रेसिस्ट 1.1 निकष (गाठ औषधाला किती दाद देते हे ठरवण्याचे) उंदरांच्या आकारमानाला तसेच लावू नका. ते निकष व्यासाचे आहेत. व्यास 30 टक्के घटला की गोल गाठीचं आकारमान 66 टक्के घटतं, आणि व्यास 20 टक्के वाढला की आकारमान 73 टक्के वाढतं. ‘आकारमान 30 टक्के घटलं, म्हणजे आंशिक प्रतिसाद’ असं शोधनिबंधात लिहिलं तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

प्रश्न : ल्युसिफरेज (ल्युसिफेरिन या रसायनापासून प्रकाश निर्माण करणारं विकर, म्हणजे एन्झाइम) असलेल्या पेशींच्या गाठी आहेत. औषध दिल्यावर तिसऱ्या दिवशी प्रकाश 80 टक्के कमी झाला, पण कॅलिपरवर गाठ तेवढीच आहे. कोणावर विश्वास ठेवावा? (पीएचडी विद्यार्थी, मुंबई)

दोघांवरही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. कॅलिपर मेलेलं-जिवंत सगळं मोजतो. प्रकाश मात्र तेव्हाच निघतो जेव्हा पेशीत ल्युसिफरेज, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि ऑक्सिजन हे तिन्ही असतं आणि रक्तातून ल्युसिफेरिन तिथवर पोहोचतं. पेशी मरू लागली की एटीपी आधी संपतं आणि गाठीचं आकारमान मागाहून घटतं. त्यामुळे तुमचा निकाल खरा असू शकतो. तरी 80 टक्के हा आकडा तसाच लिहू नका, कारण पेशी न मरताही प्रकाश घटू शकतो.

पहिला संशय रक्तपुरवठ्यावर घ्या. औषध रक्तवाहिन्यांवर काम करणारं असेल तर ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजन दोन्ही कमी पोहोचतात, आणि काही तासांतच प्रकाश कोसळतो. दुसरा संशय खुद्द ल्युसिफरेजवर. काही रसायनं त्या विकराला थेट अडवतात. रेसव्हेराट्रॉल हे त्यातलं माहितीतलं उदाहरण, म्हणून वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांनी जास्त जपावं. तिसरा प्रकार उलटा आहे. एबीसीजी2 नावाचा पेशीतला पंप ल्युसिफेरिन बाहेर फेकतो. इमॅटिनिब, गेफिटिनिबसारखी औषधं हा पंप अडवतात, त्यामुळे पेशी तेवढ्याच असून प्रकाश वाढू शकतो.

हे तपासायला दोन सोपे प्रयोग आहेत. एक, त्याच पेशी प्लेटमध्ये घेऊन औषध फक्त एक तास द्या आणि प्रकाश मोजा. तासाभरात पेशी मोठ्या संख्येने मरत नाहीत, त्यामुळे प्रकाश घटला तर औषध विकरात ढवळाढवळ करतं आहे. दोन, उंदराला एक मात्रा देऊन तीन-चार तासांनी चित्र घ्या. तेवढ्यातच मोठी घट दिसली तर ती रक्तपुरवठ्याची किंवा रसायनाची समजा, पेशी मेल्याची नव्हे.

आता पद्धत. डी-ल्युसिफेरिन कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये मिलिलिटरला 15 मिलिग्रॅम विरघळवा, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, छोट्या नळ्यांत भरून अंधारात गोठवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. मात्रा दर ग्रॅम वजनाला 10 मायक्रोलिटर : 25 ग्रॅमच्या उंदराला 250 मायक्रोलिटर, म्हणजे किलोला 150 मिलिग्रॅम. वजन त्या दिवशीचं घ्या, मागच्या आठवड्याचं नको. औषधाने उंदीर वाळलेले असतात.

इंजेक्शन पोटाच्या पोकळीत, पोटाच्या खालच्या उजव्या चतुर्थांशात. कितीही सरावलेला हात असला तरी अधूनमधून सुई आतड्यात जातेच. मग ल्युसिफेरिन गाठीपर्यंत पोहोचत नाही, त्या दिवशी तो उंदीर ‘बरा झालेला’ दिसतो आणि दोन दिवसांनी त्याची गाठ ‘परत’ येते. असा एखादाच उंदीर चित्रात अचानक अंधारा दिसला, तर काही तासांनी पुन्हा इंजेक्शन देऊन बघा, मगच नोंद करा. कातडीखाली इंजेक्शन देण्याचाही पर्याय आहे. अट एकच, संपूर्ण प्रयोगभर मार्ग तोच ठेवायचा.

प्रकाशाचं शिखर साधारण 10 ते 20 मिनिटांत येतं, पण ते प्रत्येक जातीच्या गाठीत वेगळं असतं आणि उपचारानंतर सरकतंही. म्हणून सुरुवातीला तीन-चार उंदरांवर दर दोन मिनिटांनी, अर्धा तास चित्रं घेऊन आलेख काढा. उपचारानंतर एकदा पुन्हा काढा. शिखर 12 मिनिटांवरून 22 वर गेलं असेल आणि तुम्ही बाराव्या मिनिटालाच मोजत असाल, तर दिसलेली घट घड्याळाची आहे. चित्रातली कमाल गणना 600 ते 60,000 च्या दरम्यान राहील असा एक्सपोजर ठेवा. कॅमेरा 65,535 ला भरतो, आणि त्यापुढची गाठ दुप्पट झाली तरी आकडा हलत नाही. निकाल गणनेत नव्हे तर फोटॉनच्या एककात लिहा. शेवटी, सरासरी लॉग प्रमाणावर काढा. प्रकाशाच्या आकड्यांत एक उंदीर इतर नऊ जणांना झाकून टाकू शकतो.

प्रश्न : आमचे सी57ब्लॅक6 उंदीर काळे आहेत. केस काढले तरी आकडे वरखाली होतात. का?

केस गेले तरी कातडी काळी होते. या जातीत केस वाढण्याच्या टप्प्यात कातडीत मेलॅनिन येतं, ते ठिगळाठिगळाने येतं, आणि केस उपटल्यावर तो टप्पा सुरूही होतो. गाठीवर असं ठिगळ आलं की प्रकाश अडतो. दर वेळी साधा फोटो जपून ठेवा. कातडी काळवंडलेल्या दिवसाचा आकडा गटाच्या सरासरीत घ्यायचा नाही, हे आधीच लिहून ठेवा. नवा प्रयोग आखत असाल तर टायरोसिनेज जनुकात बदल असलेले पांढरे सी57ब्लॅक6 मागवा. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरात ल्युसिफरेज हे परकं प्रथिन आहे, हेही ध्यानात असू द्या. औषध न देताच काही गाठी लहान झाल्या तर कारण तेही असेल.

प्रश्न : एफडीजी-पेटमध्ये (किरणोत्सर्गी साखर टोचून घेतलेल्या स्कॅनमध्ये) एकाच उंदराची एसयूव्ही (गाठीतली मात्रा अंगातल्या सरासरी मात्रेच्या किती पट, तो आकडा) सोमवारी 1.2 आणि बुधवारी 2.4 आली, औषध दिलेलंच नव्हतं. यंत्र बिघडलं आहे का? (पशुवैद्यक पदव्युत्तर विद्यार्थी, नागपूर)

यंत्राला दोष देण्याआधी त्या दोन दिवसांत उंदीर कुठे ठेवला होता, काय खाल्लं होतं आणि भूल कधी दिली, ते पाहा. एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 जोडलेली साखर. ती गाठीत किती जाईल हे रक्तातली साखर, इन्सुलिन आणि अंगाची ऊब ठरवतात.

उंदराला निवांत वाटतं ते सुमारे 30 अंश सेल्सियसला. अ‍ॅनिमल हाउसचं तापमान असतं 22 च्या आसपास. थंडी वाजली की खांद्यांच्या मधली तपकिरी चरबी पेटते, स्नायू थरथरतात, आणि साखर तिकडे वळते. मग गाठीच्या वाट्याला कमी येते. म्हणून इंजेक्शनच्या निदान अर्धा तास आधीपासून स्कॅन संपेपर्यंत उंदीर 30 अंशांवरच ठेवायचा. मध्ये पिंजरा बाहेर काढून थंड टेबलावर ठेवला की सगळी मेहनत वाया. गाठ खांद्यावर न वाढवता कुशीत वाढवावी, कारण तपकिरी चरबीचा ठिपका तिच्यात मिसळतो.

उपास 4 ते 6 तासांचा, पाणी चालू. रात्रभर उपाशी ठेवू नका, एवढ्याशा जिवाचं वजन त्यात बरंच उतरतं आणि औषधाने अशक्त झालेला उंदीर दगावूही शकतो. उपासाच्या वेळी पिंजरा बदला. जुन्या भुशात खाद्याचे कण आणि विष्ठा असते, उंदीर ती खातात, आणि तुमच्या वहीत मात्र ‘उपाशी’ अशी नोंद होते. ग्लुकोमीटरने साखर मोजून दर स्कॅनला लिहा. पण शेपटीला टोचायचं ते एफडीजी दिल्यानंतर आणि दुसऱ्या बाजूच्या शिरेला.

भूल आयसोफ्लुरेनची, सुरुवातीला 3 टक्के आणि पुढे 1.5 ते 2 टक्के. तिनेही साखर वाढते, पण केटामिन-झायलाझिनने ती फारच चढते. या कामासाठी ते मिश्रण टाळा. एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरी भूल वापरली असेल, तर तुमच्या 1.2 आणि 2.4 चं कोडं तिथेच सुटेल.

आता हिशेब, कारण पत्रात पाठवलेल्या नोंदवहीत सिरिंजमध्ये उरलेली मात्रा कुठेच दिसत नाही. समजा 10:00 वाजता सिरिंजमध्ये 7.0 मेगाबेकरेल मोजले, 10:10 ला टोचले, आणि 10:20 ला रिकाम्या सिरिंजमध्ये 0.6 उरले. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं. 10:10 च्या वेळेला आणलं की सुरुवातीचे 7.0 होतात 6.57 आणि उरलेले 0.6 होतात 0.64. अंगात गेले 5.93. उंदीर 25 ग्रॅमचा असेल तर दर ग्रॅमला 0.237. गाठीत मिलिलिटरला 0.30 मेगाबेकरेल दिसले, तर एसयूव्ही 1.26. तुम्ही सरळ 7.0 धरले असते तर आली असती 1.07. मात्रा मोजणाऱ्या यंत्राचं आणि स्कॅनरचं घड्याळ एकमेकांशी जुळवून घ्या. 11 मिनिटांचा फरक म्हणजे 7 टक्क्यांची चूक.

तिसरी जागा शेपटी. शिरेबाहेर गळालेली मात्रा तिथेच साचते आणि गाठ ‘थंड’ दिसते. प्रत्येक स्कॅनमध्ये शेपटी चित्राच्या आत घ्या. टोचलेल्या मात्रेच्या 10 टक्क्यांहून अधिक तिथे अडकली असेल तर आम्ही तो स्कॅन बाजूला ठेवण्याचा सल्ला देतो. नुसतं वजा करून भागत नाही, कारण ती मात्रा हळूहळू रक्तात झिरपत राहते आणि 60 मिनिटांच्या ठरलेल्या प्रतीक्षेला अर्थ उरत नाही.

एवढं सगळं नीट केल्यावर उरतो तो छोट्या गाठीचा प्रश्न. लहान प्राण्यांच्या पेट स्कॅनरची बारकाई 1 ते 2 मिलिमीटर असते. त्याच्या तिपटीहून लहान गाठ खऱ्याहून फिकी दिसते. औषधाने गाठ 7 मिलिमीटरवरून 4 वर आली तर तिच्या पेशी पूर्वीइतकीच साखर खात असूनही एसयूव्ही उतरेल. अशा वेळी ‘चयापचय घटलं’ असं न लिहिता आकार आणि एसयूव्ही दोन्ही द्या, जमल्यास त्या आकाराच्या फँटमवरून (माहितीतली मात्रा भरलेल्या नमुना-गोळ्यावरून) दुरुस्ती करा.

एफडीजी गावातच बनत नसेल तर आणखी एक अडचण येते. एफडीजी दुसऱ्या गावाहून मागवली आणि प्रवासात तीन तास गेले, तर 32 टक्केच उरते. एकूण मात्रा पुरली तरी ती पातळ झालेली असते. 25 ग्रॅमच्या उंदराच्या शिरेत एका दमात सुमारे 125 मायक्रोलिटरहून जास्त द्रव देऊ नये. तेवढ्यात 6-7 मेगाबेकरेल बसायचे तर टोचताना मिलिलिटरला निदान 60 मेगाबेकरेल हवेत, म्हणजे निघताना 190 च्या आसपास. मागणीपत्रात एकूण मात्रेबरोबर ही तीव्रताही लिहा.

आणि औषध सुरू करण्याआधी एक काम जरूर करा : पाच-सहा उंदीर, औषध नाही, 24 तासांच्या अंतराने दोन स्कॅन. त्यांच्यात जेवढा फरक येईल, त्याहून लहान बदलाला प्रतिसाद म्हणायचं नाही.

प्रश्न : एफडीजीऐवजी एफएलटी (डीएनए बनवायला लागणाऱ्या थायमिडीनसारखं किरणोत्सर्गी रसायन) वापरली तर पेशींची वाढ थेट कळेल ना?

माणसात बऱ्यापैकी, उंदरात जपून. उंदराच्या रक्तात थायमिडीन माणसाच्या कितीतरी पट असतं आणि ते एफएलटीशी स्पर्धा करतं. काही गाठी भराभर वाढत असूनही चित्रात फिक्या राहतात. औषधाआधीच्या स्कॅनमध्ये गाठ स्नायूपेक्षा ठळक दिसत नसेल, तर त्या मॉडेलमध्ये एफएलटीचा नाद सोडा.

प्रश्न : ‘नव्या औषधाने उंदरांमधला कर्करोग नाहीसा’ अशा बातम्या येतात, सोबत लाल-निळी चित्रं असतात. माझ्या भावावर उपचार चालू आहेत. या चित्रांतून काय समजावं? (वाचक, कोल्हापूर)

लाल-निळे रंग खरे नसतात, आकड्यांना संगणकाने दिलेले असतात. पट्टीची खालची मर्यादा वर सरकवली की थोडीशी उरलेली गाठ चित्रातून दिसेनाशी होते. म्हणून आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच रंगपट्टीवर आहे का, ते पाहावं. दुसरं, उंदरातली गाठ बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची, दोन-तीन आठवड्यांची असते. भावाची गाठ त्याच्याच शरीरात वर्षानुवर्षं घडत आलेली. उंदरात चाललेली बहुतेक औषधं माणसापर्यंत पोहोचत नाहीत. अशा बातमीवरून चालू उपचारात बदल करू नये. भावाच्या स्वतःच्या स्कॅनबद्दलचे प्रश्न त्याच्या डॉक्टरांनाच विचारावेत. त्यांच्याकडे आधीचे स्कॅन असतात, आणि तुलना त्यांच्याशीच व्हायला हवी.

प्रश्न : पीडी-1 विरोधी प्रतिपिंड (टी पेशींवरचा लगाम सोडवणारं औषध) दिल्यावर गाठ आणि एफडीजी दोन्ही वाढले. औषध निकामी समजावं का?

लगेच नको. टी पेशी आणि मॅक्रोफेज जाग्या झाल्या की त्याही साखर खातात आणि त्यांच्या गर्दीने गाठ फुगते. माणसांसाठीच्या 2017 च्या आयरेसिस्ट निकषांत वाढ दिसल्यावर 4 ते 8 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात. उंदराकडे तेवढा वेळ नसतो. आम्ही तीन-चार दिवसांनी पुन्हा स्कॅन सुचवू, आणि त्याच दिवशी गटातले दोन-तीन उंदीर काढून गाठीचे काप सीडी8 साठी (गाठीवर हल्ला करणाऱ्या टी पेशींच्या खुणेसाठी) रंगवून पाहावेत. उंदीर कोणता आहे तेही तपासा. न्यूड उंदरात टी पेशीच नसल्याने तिथे या औषधाचा प्रयोगच व्यर्थ. बाल्ब-सी जातीच्या उंदरात सीटी26 पेशींची गाठ किंवा सी57ब्लॅक6 मध्ये एमसी38 पेशींची, अशी जोडी हवी. सीडी8 पेशी थेट पाहण्यासाठी झिर्कोनियम-89 जोडलेले प्रतिपिंड किंवा त्यांचे तुकडे वापरतात. त्याचं अर्धायुष्य 78 तासांचं, त्यामुळे सावकाश फिरणाऱ्या प्रतिपिंडाला ते सोयीचं. मात्र सुटलेलं झिर्कोनियम हाडात जाऊन बसतं. मांडीचं हाड चमकलं तर लगेच ‘हाडात पसरला’ असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : मेंदूतल्या गाठीसाठी एमआरआय घेतो. आकार बदलण्याआधी काही कळेल असं काय मोजावं? (संशोधक, हैदराबाद)

पाण्याचं विसरण, म्हणजे एडीसी. गाठीत पेशी दाटीवाटीने असतात तेव्हा पाण्याच्या रेणूला हलायला जागा कमी. पेशी फुटू लागल्या की जागा होते आणि एडीसी चढतं. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने उंदरापेक्षा मोठ्या रॅटच्या 9एल ग्लायोमावर (मेंदूतल्या गाठीवर) कारमस्टीन हे केमोथेरपीचं औषध देऊन हे दाखवलं होतं : आकार घटण्याआधी एडीसी वाढलं.

सात टेस्लाच्या यंत्रावर उंदरासाठी टी2 चित्र (गाठीचा आकार दाखवणारा एमआरआयचा एक प्रकार) 20 मिलिमीटरच्या चौकटीत 256 बाय 256 घेतलं तर ठिपका सुमारे 78 मायक्रॉनचा येतो. काप 0.5 मिलिमीटरचा. आकारमान काढताना प्रत्येक कापातलं क्षेत्रफळ गुणिले (कापाची जाडी अधिक दोन कापांमधली मोकळी जागा), आणि सगळ्यांची बेरीज. ही मोकळी जागा विसरली जाते आणि गाठ सातत्याने लहान निघते. विसरणासाठी बी-मूल्यं (चित्र विसरणाला किती संवेदनशील ते ठरवणारी सेटिंग) 0 ते 1000 मध्ये निदान तीन घ्या.

इथेही ऊब आडवी येते. पाण्याचं विसरण दर अंशाला सुमारे 2.4 टक्के बदलतं. उंदीर 37 ऐवजी 35 अंशांवर असेल तर एडीसी 5 टक्के खाली, आणि तेवढ्यात औषधाचा सुरुवातीचा परिणाम झाकला जाऊ शकतो. गुदद्वारातला तापमापक प्रत्येक स्कॅनला, आणि श्वास मिनिटाला 40 ते 60 राहील इतकीच भूल. कानाच्या पोकळीतल्या हवेमुळे जलद विसरण-चित्रं त्या बाजूला वाकतात, गाठ तिथे असेल तर त्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका.

डेक्सामेथासोन किंवा रक्तवाहिन्यांविरुद्धची औषधं देत असाल तर गॅडोलिनियमची (शिरेतून दिल्या जाणाऱ्या, एमआरआयमध्ये चमकणाऱ्या द्रव्याची) चमक एकदम उतरते. वाहिन्यांची गळती थांबली एवढाच त्याचा अर्थ. गाठ मेली की नाही ते टी2 आणि एडीसीवरून ठरवा.

प्रश्न : फुप्फुसातल्या गाठींसाठी दर आठवड्याला मायक्रो-सीटी चालेल का?

चालेल, मात्रा किती ते पाहून. बारीक चित्राच्या सेटिंगवर एका स्कॅनला काहीशे मिलिग्रे सहज जातात. 300 मिलिग्रेचे आठ स्कॅन म्हणजे 2.4 ग्रे, आणि रुग्णाला रेडिओथेरपीच्या एका बैठकीत साधारण 2 ग्रे देतात. म्हणजे मोजणाऱ्या यंत्रानेच थोडा उपचार केला. लिम्फोसाइट तर त्याहून कमी मात्रेतही घटतात, त्यामुळे इम्युनोथेरपीच्या प्रयोगात हे फार बाधतं. गाठ मोजण्यापुरती 100 मायक्रॉनची, कमी मात्रेची सेटिंग निवडा, श्वासाशी जुळवून घ्या, आणि कंट्रोल गटालाही तेवढेच स्कॅन द्या. स्कॅन अजिबात न केलेला एक छोटा गट ठेवला तर उत्तमच.

प्रश्न : दर गटात किती उंदीर घ्यावेत? मार्गदर्शक म्हणतात सहा, कारण नेहमी सहाच घेतात.

कागदावर काढून पाहा. नेहमीच्या अटींना (80 टक्के शक्ती, 5 टक्के चूक) ढोबळ सूत्र : 16 भागिले, अपेक्षित फरक आणि प्रमाण विचलन यांच्या गुणोत्तराचा वर्ग. फरक 30 टक्के अपेक्षित आणि विचलन 25 टक्के असेल तर गुणोत्तर 1.2, वर्ग 1.44, गटात 11 उंदीर. प्रत्येक उंदराची त्याच्याच आधीच्या स्कॅनशी तुलना केली आणि विचलन 15 टक्क्यांवर आलं, तर गुणोत्तर 2, उत्तर 4. लहान संख्येत हे सूत्र थोडं कमी सांगतं, म्हणून दोन वाढवा, आणि भुलेत दगावणाऱ्यांसाठी आणखी एखादा. तेव्हा सहा हे उत्तर बरोबर असेलही, पण ते तुमच्या विचलनावरून निघायला हवं.

गट पाडायचे ते पहिल्या स्कॅननंतर. गाठी 80 ते 150 घनमिलिमीटरच्या झाल्या की लहानमोठ्या क्रमाने लावून चिठ्ठ्यांनी वाटा. स्कॅनच्या दिवशी औषधवाले सकाळी आणि कंट्रोल दुपारी असं कधीही करू नका. उपास, एफडीजीची तीव्रता, स्कॅन करणाऱ्याचा थकवा, सगळं दुपारी वेगळं असतं. आलटूनपालटून घ्या. चित्रावर गाठीची सीमा आखणाऱ्याला फाइलचं नाव सांकेतिकच दिसलं पाहिजे.

थोडक्यात

*फ्लोरेसन्समध्ये पोट चमकतं* : खाद्यातल्या लसूणघासाचं हरितद्रव्य. स्कॅनआधी निदान आठवडाभर लसूणघास नसलेलं खाद्य द्या.

*अल्ट्रासाउंडमध्ये काळे पट्टे* : जेलमधले बुडबुडे किंवा उरलेले केस. जेल आदल्या रात्री बाटली उलटी ठेवून आणि आधी कोमट करून वापरा. केस काढायची क्रीम मिनिटभरात पुसून धुवा, नाहीतर कातडी भाजते.

*रुग्णालयातल्या पेट यंत्रावर उंदीर चालेल का* : रॅट एकवेळ, उंदीर नाही. 4-5 मिलिमीटरची बारकाई असलेल्या यंत्रात उंदराची गाठ म्हणजे एक धूसर ठिपका. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये लहान प्राण्यांच्या इमेजिंगची सोय आहे. अशा ठिकाणी सहकार्याने काम करावं.

*परवानगी* : संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे बी फॉर्म. त्यात उंदरांच्या संख्येबरोबर प्रत्येकाला किती वेळा भूल, किती वेळा उपास, किती किरणोत्सर्ग आणि कोणत्या टप्प्यावर प्रयोग थांबवणार (वजनात 20 टक्के घट, गाठ 20 मिलिमीटर किंवा समितीने ठरवलेली मर्यादा) हे लिहा. वजन पाहताना गाठीचं वजन वजा करा. 2 ग्रॅमची गाठ वाढलेला उंदीर काट्यावर ठीक दिसतो आणि प्रत्यक्षात खंगलेला असतो. ल्युसिफरेज घातलेल्या पेशींसाठी जैवसुरक्षा समितीची आणि पेटसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी वेगळी लागते. आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा स्कॅन करायचं नंतर ठरलं, तर आधी समितीकडून फेरबदल मंजूर करून घ्या.